‘साहेब आल्या’ : ॲन लेकी यांच्या लष्करी कादंबरीतील संबोधने

परकीय भाषेतील एखादी कादंबरी वाचताना ती मराठीत कशी उतरेल, असा विचार मनाशी घोळवीत राहण्याची खोड आम्हांला जुनी आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला ती बहुधा जडतेच. दिवसभर कचेरीत हिंदीत टिपण्या आणि इंग्रजीत मसुदे लिहावयाचे आणि सायंकाळी घरी येऊन मराठीत बोलावयाचे, असा ज्यांचा नित्यक्रम, त्यांच्या डोक्यात तीन भाषांची वजनेमापे सदैव शेजारीशेजारी पडलेली असतात. या खोडीतून पुष्कळदा काही निष्पन्न होत नाही. परंतु ॲन लेकी या अमेरिकन लेखिकेची ‘ॲन्सिलरी जस्टिस’ ही कादंबरी वाचताना आम्ही पहिल्याच प्रकरणात अडखळलो, आणि ज्या ठिकाणी अडखळलो तेथेच या पुस्तकाचे मर्म आहे, असे आमचे मत झाले. ते येथे मांडण्याचे योजिले आहे.

कादंबरी २०१३ साली प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी ह्यूगो, नेब्यूला व आर्थर क्लार्क यांच्या नावाचा असे तिन्ही मोठे सन्मान तिला मिळाले. तिचे पुढील दोन भाग २०१४ व २०१५ साली निघाले. ही वैज्ञानिक कल्पनेची कादंबरी आहे हे खरे. तेवढ्यावरून आमच्याकडील गंभीर वाचक नाक मुरडतील, तर त्यांनी तूर्त ते मुरडू नये. कारण कथेतील ग्रहगोल बाजूला ठेवले, तर शिल्लक राहते ती एका सैन्याची कथा : त्यातील आज्ञा, आज्ञापालन, आणि एका आज्ञेचे पालन केल्याचा पश्चात्ताप.

राड्च नावाचे एक अफाट साम्राज्य आहे. त्याचे सैन्य एकामागून एक ग्रह जिंकीत जाते. जिंकलेल्या लोकांपैकी काहींची शरीरे गोठवून ठेवली जातात व पुढे त्यांतील मूळ माणूस पुसून टाकून ती शरीरे युद्धनौकेच्या यांत्रिक बुद्धीला जोडली जातात. अशा शेकडो देहांनी एकच नौका चालते, बोलते, गोळी झाडते. कथा सांगणारी ‘ब्रेक’ ही व्यक्ती म्हणजे ‘जस्टिस ऑफ टोरेन’ या दोन हजार वर्षे जुन्या नौकेचा उरलेला एकमेव देह. बाकी सारी नौका नष्ट झालेली. या राड्च लोकांच्या भाषेत स्त्रीपुरुषभेद दर्शविणारे सर्वनामच नाही. आणि ही गोष्ट इंग्रजीत दाखविण्यासाठी लेखिकेने सर्वांनाच स्त्रीवाचक सर्वनाम लावले आहे. सेनापती ‘ती’, शिपाई ‘ती’, दारूच्या गुत्त्यातील मालक ‘ती’. बर्फात उघडी पडलेली जी सेइव्हार्डन नावाची जुनी अधिकारी ब्रेकला सापडते, ती पुरुष आहे हे वाचकाला कळून चुकते. तरी ब्रेकच्या तोंडी ती ‘ती’च राहते. परक्या ग्रहावर, जेथील भाषेत लिंगभेद आहे, तेथे बोलावयाची वेळ आली की ब्रेकची त्रेधा उडते. समोरच्याचे कपडे, केस, हावभाव पाहून अंदाज करावयाचा आणि अंदाज चुकला तर अपमान व्हावयाचा! हिंदी मुलखात नव्याने आलेल्या बंगाली गृहस्थांची जी अवस्था आम्ही पाहिली आहे, ती नेमकी हीच.

या सर्वनामाची चर्चा पुष्कळ झाली. ती व्हावी अशीच योजना आहे. पण आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्या एका लहान शब्दाने, ज्याकडे चर्चेच्या गलबल्यात सहज दुर्लक्ष व्हावे. ज्या सैन्यात सर्वजण ‘ती’ आहेत, त्याच सैन्यात वरिष्ठाला हाक मारावयाची ती ‘सर’ अशी. ‘होय, सर’, ‘नाही, सर’, आणि लागलीच पुढच्या वाक्यात त्याच अधिकाऱ्याविषयी ‘ती म्हणाली’. लेखिकेने सर्वनाम बदलले. संबोधन जसेच्या तसे ठेवले.

हा अनवधानाचा दोष काय? आरंभी आम्हांला तसे वाटले. ज्या लेखणीने एका सर्वनामासाठी सगळी वाक्यरचना पणाला लावली, तिला ‘सर’मधला पुरुष दिसू नये हे चमत्कारिक आहे. पण ‘सर’मध्ये पुरुष आहे तरी किती? शब्दाचे मूळ लॅटिन ‘सीनिअर’मध्ये, म्हणजे ‘अधिक वयाचा’. आणि लॅटिनमध्ये हे तरतमवाचक रूप पुल्लिंगी व स्त्रीलिंगी एकच आहे. उलट ‘मॅडम’चे मूळ ‘माझी घरधनीण’. एका शब्दात वय आहे, दुसऱ्यात घर. सैन्याला घराशी कर्तव्य नसल्यामुळे त्याने पहिला शब्द उचलला, आणि स्त्रिया सैन्यात आल्या तेव्हा दुसरा शोधावा लागला. इंग्रजी चित्रपटांनीही या प्रश्नाशी झटापट केली आहे. १९८२ सालच्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात एका तरुण स्त्री अधिकाऱ्याला सरळ ‘मिस्टर’ म्हणून हाक मारलेली आहे. त्याच मालिकेच्या १९९५ सालच्या अवतारात नौकेची स्त्री कप्तान ‘सर’ नको म्हणते, ‘मॅम’ अडीअडचणीला चालेल म्हणते, आणि आपल्याला कप्तान म्हणावे असे सांगून प्रश्न निकालात काढते. तिसरी वाट हीच खरी शहाणपणाची, असे वरवर पाहता वाटते : व्यक्तीला नव्हे, हुद्द्याला हाक मारा.

मात्र हुद्दे तरी निर्लेप असतात काय? कॅनडाच्या नौदलाने २०२० साली ‘सीमन’ या हुद्द्यातील ‘मॅन’ काढून तेथे ‘सेलर’ हा शब्द बसविला. त्याच वर्षी जर्मनीत हुद्द्यांना स्त्रीवाचक रूपे द्यावीत अशी सूचना निघाली. पण तेथील सैन्यातील पुष्कळ स्त्रियांनाच ती रुचली नाही व ती मागे पडली. ‘हाउप्टमान’, म्हणजे कप्तान, या हुद्द्यात ‘मान’, म्हणजे पुरुष, बसलेला आहे. त्या हुद्द्यावरील स्त्रीला ‘फ्राउ हाउप्टमान’ म्हणतात. शब्दशः अर्थ पाहिला तर ‘बाई मुख्यपुरुष’! पण ज्यांनी तो हुद्दा मिळविला त्यांना तो आहे तसाच हवा होता. आपल्यासाठी निराळा घडवून दिलेला नको होता. फ्रान्समधील प्रकार याहून मौजेचा. तेथील भूसेनेत पुरुष कर्नलला ‘मों कोलोनेल’, म्हणजे ‘माझे कर्नल’, अशी हाक मारतात. स्त्री कर्नलला नुसते ‘कोलोनेल’. जिला एक शब्द कमी मिळाला, तिलाच निव्वळ हुद्दा मिळाला.

आता मराठीकडे वळू. लेकी यांची कादंबरी मराठीत आणावयाची, तर अनुवादकापुढे पहिले संकट उभे राहते ते सर्वनामाचे नसून क्रियापदाचे. इंग्रजीत ब्रेक ‘आय’ म्हणते आणि आपले लिंग झाकून ठेवते. मराठीत ‘मी गेलो’ की ‘मी गेले’? पहिल्या वाक्यालाच बोलणाऱ्याने स्वतःचा उलगडा केला पाहिजे. येथे एक सोय मात्र आमच्या व्याकरणात दडलेली आहे. प्रथमपुरुषी एकवचनात स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग यांचे रूप एकच पडते. ‘नौका’ स्त्रीलिंगी, ‘जहाज’ नपुंसकलिंगी. दोघांनीही ‘मी गेले’ असेच म्हणावयाचे. जी व्यक्ती स्वतःला स्त्री समजत नाही, पुरुष समजत नाही, जहाज समजते, तिच्यासाठी याहून नेमके रूप कोणते सापडणार?

दुसरा मोह ‘आम्ही’चा. ‘आम्ही गेलो’ हे रूप स्त्रीपुरुषांना समान आहे. या लेखात आम्ही ‘आम्ही’ म्हणून जे लिहीत आहोत, त्यामागे बुवा आहे की बाई आहे हे वाक्यावरून कोणाला सांगता येणार नाही. शिवाय नौकेचे देह अनेक, तेव्हा अनेकवचन शोभूनही दिसेल. तरी अनुवादकाने हा मोह टाळावा असे आम्हांला वाटते. वीस देहांतून एकाच वेळी पाहणारी, वीस कंठांतून एकच गाणे गाणारी ती नौका ‘आम्ही’ म्हणत नाही, ‘मी’ म्हणते. त्या ‘मी’चे पुढे तुकडे होतात ही या कथेची शोकांतिका आहे. ‘आम्ही’ लिहिले की ती जाते.

संबोधनाच्या बाबतीत मात्र मराठी इंग्रजीहून श्रीमंत आहे. ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ यांत भेद आहे. ‘तुम्ही आलात’ यात नाही. ‘आपण बसलात’, ‘आपण म्हणालात’ यांत नाही. म्हणजे ज्याला मान द्यावयाचा त्याचे लिंग मराठी समोरासमोर विचारीत नाही. ज्याला अरेतुरे करावयाचे, त्याचे मात्र विचारते. हिंदीत असे नाही. ‘आप आए’ आणि ‘आप आईं’ हा भेद अत्यंत आदराच्या ठिकाणीही सुटत नाही. रशियन भाषेची रीत या बाबतीत आमच्यासारखी आहे : भूतकाळात एकेरी ‘तू’ला लिंग लागते, आदरार्थी ‘तुम्ही’ला लागत नाही. १९१७ च्या मार्चमध्ये पेट्रोग्राडच्या सोव्हिएतने सैन्यासाठी आपला पहिला हुकूम काढला. त्यात सैनिकांनी अधिकाऱ्यांना उच्चकुलवाचक बिरुदांनी संबोधण्याची सक्ती रद्द केली आणि अधिकाऱ्यांनी सैनिकांना एकेरी हाक मारण्यास बंदी केली. हेतू वर्गभेद मोडण्याचा होता; पण एकेरी सुटली की व्याकरणातले लिंगही आपोआप सुटले, हा त्या हुकुमाचा कोणी न मागितलेला लाभ.

मराठीतही लिंग पूर्णपणे सुटते असे नाही. ते पाठीमागे उभे असते. ‘साहेब येत आहेत’, ‘साहेब येतील’, येथवर काही कळत नाही. परंतु एकदा येऊन गेले की ‘साहेब आले’ की ‘मॅडम आल्या’ हे सांगितल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. समोर असलेल्याचे आणि येणार असलेल्याचे लिंग आम्ही झाकतो. येऊन गेलेल्याचे उघडे करतो.

आणि येथेच आमच्या मते ‘सर’चा मराठी प्रतिशब्द सापडतो. तो ‘साहेब’. अरबी ‘साहिब’ मुळात पुल्लिंगी, यात शंका नाही. पण मराठीने त्याचे काय केले पाहा : आऊसाहेब, आईसाहेब, बाईसाहेब, राणीसाहेब, ताईसाहेब, वहिनीसाहेब. हिंदीने ‘साहिबा’ केली, ‘मेमसाहब’ निराळी काढली; मराठीने त्याच शब्दाला स्त्रीलिंगी क्रियापद जोडून दिले. ‘आईसाहेब आल्या’ हे वाक्य शतकानुशतके कोणाच्या कानाला खटकले नाही. मग नुसते ‘साहेब आल्या’ का खटकावे? खटकते हे खरे. कारण ‘आई’, ‘ताई’, ‘वहिनी’ ही नात्याची ओळख पुढे असल्यावाचून स्त्रीला साहेबपद देण्याची आमची तयारी नव्हती. जुन्या पत्रांतील मायने काढून पाहिले तर हेच दिसते. पुरुषाचा मायना त्याचा दर्जा सांगतो. स्त्रीचा मायना, ‘वज्रचूडेमंडित’ की ‘गंगाभागीरथी’, तिचा नवरा हयात आहे की नाही ते सांगतो. १७३१ साली डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर घराण्याचा लष्करी कारभार त्यांच्या मातुश्री उमाबाई यांच्याकडे आला. पण मायन्याच्या रीतीत सेनापतीपणासाठी स्त्रीवाचक जागाच नव्हती, वैधव्यासाठी होती.

म्हणून आमची अशी सूचना आहे की, लेकी यांच्या अनुवादकाने बेधडक ‘साहेब आल्या’, ‘साहेब म्हणाल्या’ असे लिहावे. वाचकाच्या कानाला जो धक्का बसेल, तोच मूळ पुस्तकातील ‘सर’ आणि ‘ती’ यांच्या शेजारपणाने बसतो. आणि तो धक्का केवळ कादंबरीपुरता राहणार नाही. भारतीय सैन्यात परिचर्येसाठी स्त्रिया १८८८ पासून आहेत. वैद्यकीय शाखांबाहेर अधिकारी म्हणून त्यांना प्रवेश मिळाला १९९२ साली. कायम नेमणुकीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी मान्य केला. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून सतरा मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली. अधिकाऱ्यांसाठी ‘मॅम’ हा शब्द तयार होता. पण सुभेदाराला आमच्या पलटणींत ‘साहब’ म्हणतात, आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रीती रजक या नेमबाज सैनिक भारतीय सैन्यातील पहिल्या स्त्री सुभेदार झाल्या. ‘सुभेदार साहेब आल्या’ हे वाक्य आता व्याकरणाच्या तासाचे उदाहरण राहिलेले नाही.

येथे कोणी विचारील, पुरुषाचा शब्द स्त्रीला बहाल करणे हा सन्मान की पुसून टाकणे? प्रश्न खोटा नाही. आम्ही ज्या कचेरीत काम करतो, तेथे एकदा केवळ आद्याक्षरे असलेल्या एका अधिकाऱ्याला ‘महोदय’ असे लिहून पत्र गेले. उत्तर आले तेव्हा कळले की त्या बाई आहेत. तक्रारीचा शब्द त्यांच्या पत्रात नव्हता. दुसऱ्या मसुद्यात आम्ही ‘महोदया’ केले आणि मजकूर तोच असूनही आमचा स्वर नकळत सौम्य झाला. जेथे पहिल्या पत्रात ‘तातडीने कळवावे’ होते, तेथे ‘कळविण्याची कृपा व्हावी’ आले. वरिष्ठांनी ते खोडून पूर्ववत केले. एका ‘या’ने आमच्या हातून एवढे करविले, याचे नवल आम्हांला अजून वाटते. तेव्हापासून समान शब्दाविषयीचा आमचा आक्षेप पुष्कळ कमी झाला आहे.

मात्र लेकी यांच्या कादंबरीची खरी करामत अशी की, समान शब्दाने समता येते या भोळ्या आशेला ती थारा देत नाही. राड्च साम्राज्यात लिंगभेद नाही. बाकी सर्व भेद आहेत. कोणत्या घराण्याची, कोणाची आश्रित, उच्चार राजधानीचा की प्रांताचा, चहाचा पेला कसला, हे सारे क्षणोक्षणी मोजले जाते. लेफ्टनंट ऑन ही सामान्य घरातून परीक्षेच्या बळावर वर आलेली. तिची जिवलग स्काइआट थोर घराण्यातली. दोघींनाही शिपाई ‘सर’च म्हणतात, आणि दोन ‘सर’मधले अंतर दोघीही जाणून असतात. साम्राज्याची अनेक देहांची अधिपती अनांदर मियानाई जेव्हा नौकेला ऑनवर गोळी झाडण्याची आज्ञा देते, तेव्हा नौका ती पाळते. ज्या अधिकाऱ्यावर तिचे प्रेम आहे तिच्यावरच! ही गोळी या तीन भागांच्या कथेचा मध्यबिंदू आहे, आणि त्या प्रसंगी कोण स्त्री, कोण पुरुष हा प्रश्न वाचकाच्या मनाला शिवतही नाही. कोण आज्ञा देऊ शकते आणि कोण नाकारू शकत नाही, एवढेच उरते. लिंगाचा पडदा दूर केल्यामुळे हुद्दा इतका उघडा दिसतो. आमच्या समजुतीप्रमाणे ‘सर’ तसाच ठेवण्यात हेच साधले आहे. लेखिकेने ते जाणून केले असो वा नसो.

आणखी एक गोष्ट. राड्चमध्ये सगळी माणसे ‘ती’ आहेत, पण नौकेचे देह ‘इट’ आहेत. नपुंसकलिंग ज्यांच्यासाठी राखून ठेवले, ते गुलाम. तटस्थ शब्द हा नेहमी मानाचाच असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे. मराठी अनुवादकाला मात्र येथे फार जपून पाऊल टाकावे लागेल, कारण आमचे नपुंसकलिंग इंग्रजीसारखे थंड नाही. ‘ते पोर’ यात माया आहे, ‘ते येडं’ यात हेटाळणी आहे. कोकणीत तर तरुण मुलीचा उल्लेख नपुंसकलिंगीच होतो आणि त्यात वात्सल्य असते.

पहिल्या भागाच्या अखेरीस ब्रेकला मोठा अधिकार व एक नौका मिळते. जी काल ‘इट’ होती, ती आज ‘सर’ होते. दुसऱ्या भागात तिला प्रत्येक ‘सर’ ऐकताना पाहावे. तिच्या मौनात केवढी कटुता आहे! हा दुसरा भाग पहिल्याहून संथ आहे, चहापाण्यात फार रेंगाळतो, आणि काही ठिकाणी ब्रेक इतकी न्यायी होते की कंटाळा येतो. पण तिसऱ्या भागात एका जुन्या, शत्रुपक्षाच्या नौकेचा देह येतो, आणि तो ब्रेकला ‘सर’ म्हणत नाही, ‘इट’ म्हणत नाही, ‘कझिन’ म्हणतो. हुद्द्याच्या उतरंडीबाहेरची ही या कथेतील पहिली हाक. किंचित खोचक, किंचित आपुलकीची.

‘सर’ला आम्ही ‘साहेब’ दिला; ‘कझिन’ला काय द्यावे? चुलत, मामे, आते, मावस सगळे आहे, पण प्रत्येकापुढे भाऊ किंवा बहीण उभीच. हुद्दा लिंगावाचून सांगता येईल अशी मराठी, नाते तसे सांगू म्हटले की अडते. फार शोधून एकच शब्द हाती लागतो : भावंड. तो नपुंसकलिंगी आहे, त्यात भाऊ आणि बहीण दोन्ही मावतात, आणि हेटाळणी त्यात नावालाही नाही. मात्र भावंडाला भावंड म्हणून हाक मारण्याची चाल आमच्याकडे नाही. दोन जहाजांच्या तोंडी ती घालता येईल काय, हे पाहण्यासाठी त्या प्रकरणातील चार पाने आम्ही मराठीत उतरवून पाहिली आहेत. दुसऱ्या पानापर्यंत ती हाक अवघडल्यासारखी वाटते. चौथ्या पानावर वाटत नाही.